शाब रूमीचा खडक

मुंबईहून आगबोटीनें विलायतेस जाणाऱ्या मागल्या पिढ्यांतील मंडळींस तांबडा समुद्र ठाऊक होता तो त्याच्या उकाड्याकरितां. एडन मागें पडलें कीं केबिनींत जीव घुसमटे, अंथरुणें डेकवर येत, आणि सुएझचा कालवा केव्हां एकदां येतो याची वाट पाहत चार-पांच दिवस कसेबसे काढावे लागत. आपल्या बोटीच्या डाव्या अंगास, सुदानच्या किनाऱ्यालगत, पाण्याखालीं पोवळ्यांच्या बागा व माशांचीं नगरें पसरलेलीं आहेत हें या उतारूंपैकीं फारच थोड्यांच्या कानीं आलें असेल. त्या नगरांत माणूस प्रथम कसा शिरला, तेथील रहिवाशांशीं तो कसा वागला, आणि त्यांतील ज्याची त्यास सर्वांत मोठी धास्ती होती त्या शार्क माशाविषयीं त्याचें मत कसकसें पालटत गेलें, याची हकीकत आम्हीं येथें थोडक्यांत सांगणार आहों. तिचा बराचसा भाग एकाच खडकाभोंवतीं गुंफतां येण्यासारखा आहे.

या खडकाचें नांव शाब रूमी. अरबींत ‘शाब’ म्हणजे पाण्यांतील प्रवाळखडक आणि ‘रूमी’ म्हणजे रोमन. पोर्ट सुदान बंदराच्या ईशान्येस, नौकेनें कांहीं तासांच्या वाटेवर, तो लांबट अंगठीसारखा पसरलेला आहे. मध्यें उथळ, निवांत सरोवर. बाहेरच्या अंगास भिंतच्या भिंत सरळ खालीं काळोखांत उतरलेली. दक्षिण टोंकाशीं वीस ते पस्तीस मीटर खोलीवर एक सपाट ओटा पुढें आलेला असून त्याच्या कडेपलीकडे पुन्हा अथांग पाणी आहे. तांबड्या समुद्राच्या या मधल्या पट्ट्यांत भरती-ओहोटी जवळ जवळ नाहींच. परंतु वाऱ्यानें ढकललेला प्रवाह या टोंकावर येऊन आदळतो व दुभंगतो. ज्या बाजूस प्रवाह लागतो त्या बाजूस अन्न येतें. डोळ्यांस न दिसणारे सूक्ष्म जीव प्रवाहाबरोबर वाहत येतात, त्यांस टिपण्यासाठीं शेंदरी रंगाचे चिमुकले मासे थव्याथव्यांनीं खडकापासून हातभर दूर होऊन तोंड प्रवाहाकडे करून उभे राहतात, त्यांच्या मागें मोठे शिकारी मासे येतात. बाराकुडा मासे शेंकड्यांनीं एकत्र येऊन पाण्यांत जणूं रुप्याचा फिरता खांब उभा करतात. आणि या सर्वांच्या पलीकडे, जेथें ओट्याची कड तुटते तेथें, करड्या रंगाच्या मुशी पहारा दिल्यासारख्या फिरत असतात. थोड्या खोल पाण्यांत हातोड्यासारख्या डोक्याची कानमुशीहि कळपानें दिसते.

शार्क म्हणजे आपल्या कोंकणांतील मुशी अथवा मोरी, हें वाचकांस सांगावयास नकोच. बाळंतिणीस मुशीचें कालवण देण्याची चाल किनाऱ्यावरील कित्येक घरांत आहे. पण त्याच प्राण्याचें इंग्रजी नांव घेतलें कीं त्याच घरांतील मुलें अंथरुणांत पाय आंखडून घेतात! नांवाचा महिमा तो असा.

या करड्या मुशी प्रवाहाच्या तोंडींच कां उभ्या राहतात याचें उत्तर अगदीं अलीकडे मिळालें. मुशीच्या अंगांत इतर माशांप्रमाणें वायूची पिशवी नसते; ती पाण्याहून जड असते, आणि पोहणें थांबलें कीं खालीं बसते. पॅसिफिक महासागरांतील फाकारावा नांवाच्या प्रवाळबेटाच्या दक्षिण खिंडींत करड्या मुशी शेंकड्यांनीं जमतात. तेथील निरीक्षणांवरून २०२१ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, खडकाच्या उतारावर आपटून वर चढणाऱ्या पाण्यावर या मुशी तरंगत राहतात आणि त्यायोगें त्यांचे शेंकडा १० ते १५ श्रम वांचतात. तापल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेवर आपली घार पंख न हालवतां तासन् तास घिरट्या घालते, त्यांतलाच हा प्रकार. मौज अशी कीं, पुढें असलेली मुशी हळूहळू मागें वाहत जाते व पुन्हा फिरून रांगेंत येते. ज्या प्राण्यास आपण केवळ अधाशी समजत आलों, तो दिवसाचा पुष्कळसा वेळ विसांवा घेण्यांत घालवीत असतो.

परंतु हें ज्ञान २०२१ चें. त्याआधींचा माणूस काय समजत होता हें पाहण्यास बरेंच मागें गेलें पाहिजे.

पाण्यांत जाऊन मुशीशीं गांठ घेण्याचा प्रसंग ज्यांस रोज येई ते लोक म्हणजे मोतीं काढणारे बुडे. सिंहलद्वीप व तामिळ देश यांमधील उथळ समुद्रांत मोत्यांचे शिंपले काढण्याचा धंदा फार जुना. तेराव्या शतकाच्या अखेरीस तिकडे येऊन गेलेला मार्को पोलो लिहितो कीं, बुडणाऱ्यांस मोठ्या माशांपासून भय होऊं नये म्हणून व्यापारी लोक मांत्रिक नेमीत व त्यांस उत्पन्नाचा विसावा हिस्सा देत. हा मंत्र दिवसापुरताच चाले. रात्रीं तो काढून घेत, म्हणजे चोरून बुडी मारणाऱ्यास संरक्षण मिळूं नये! पोलीस व मांत्रिक यांचीं कामें एकाच्याच अंगीं असलेला असा अधिकारी इतिहासांत विरळा. ही चाल पुढें साडेपांचशें वर्षें टिकली. एमर्सन टेनंट या इंग्रज अधिकाऱ्यानें १८५९ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत तिचें वर्णन आहे. त्या वेळीं मांत्रिकांच्या घराण्याचा मुख्य रोमन कॅथलिक होता. त्यामुळें मंत्राच्या गुणास बाध येतो असें कोणासहि वाटत नसे. टेनंट गेला त्या दिवशीं तो मुख्य आजारी होता. त्यानें आपला मुतालिक पाठविला, आणि मुतालिकानें साहेबांस खुशाल सांगितलें कीं, मंत्र आपणांस येत नाहीं, पण वरिष्ठांचा प्रतिनिधि म्हणून मुशी आपला मान राखतील.

हें वाचून हंसूं येतें खरें. परंतु आमच्या मतें यांत एक मोठी गोष्ट दडलेली आहे. मंत्र खोटा असूनहि तो इतकीं शतकें टिकला, याचें कारण तो खोटा पडण्याचे प्रसंग फार थोडे आले. बुडणाऱ्या माणसांवर मुशी क्वचितच धांवून येतात. हा अनुभव त्या अक्षरशत्रु बुड्यांस पिढ्यानुपिढ्या होता. पुस्तकें लिहिणाऱ्या शहाण्यांस तो नव्हता, आणि ज्यांस होता त्यांस कोणीं विचारलें नाहीं.

तांबड्या समुद्रांतील माशांची पहिली शास्त्रीय यादी ज्या सफरींत झाली ती आपल्या मुंबईपर्यंत येऊन पोंचली होती, ही गोष्ट येथें सांगण्याजोगी आहे. डेन्मार्कच्या राजानें १७६१ च्या जानेवारींत सहा जणांची एक मंडळी अरबस्तानाकडे रवाना केली. त्यांत पेटर फोर्स्कोल हा स्वीडनचा निसर्गशास्त्रज्ञ होता. जेद्दा, सुएझ व येमेन येथील कोळ्यांपाशीं बसून तो मासे घेई, त्यांचीं नांवें विचारी, आणि वनस्पती दाबून वाळवतात त्याप्रमाणें माशांचीं अर्धीं कातडीं कागदांत दाबून ठेवी. ‘बोहार’, ‘सोहाल’, ‘लूती’ हीं कोळ्यांच्या तोंडचीं नांवें त्यानें लॅटिन यादींत तशींच घातलीं, आणि आजहि शास्त्रांत तींच चालतात. तांबोशीच्या जातीचा जो लाल ‘बोहार’ शाब रूमीच्या ओट्यावर थव्यानें फिरतो, त्याचें नांव म्हणजे एका अनाम अरब कोळ्याची देणगी होय. फोर्स्कोल १७६३ च्या जुलैंत येमेनांतील डोंगराळ मुलुखांत हिंवतापानें वारला. एक साथी त्यापूर्वींच गेला होता. दोघे मुंबईच्या वाटेवर समुद्रांत गेले, वैद्य क्रामर मुंबईंत वारला. उरला एकटा कार्स्टन नीबूर. तो मुंबईंत वर्षभराहून अधिक राहिला, घारापुरीचीं लेणीं त्यानें मापून चितारलीं, आणि स्वदेशीं परतल्यावर १७७५ सालीं मृत मित्राची माशांची यादी छापून काढली. ज्यानें या समुद्राचें वैभव जगापुढें मांडलें त्यानें स्वतः मात्र त्यांत एकदांहि डोळे उघडून पाहिलें नव्हतें. कांठावर आलेल्या मेलेल्या माशांवरूनच त्याचें सारें काम झालें.

डोळे उघडून पाहण्यास हवा बरोबर न्यावी लागते, आणि ती नेण्याची युक्ति साधण्यास आणखी पावणेदोनशें वर्षें गेलीं. मध्यंतरीचे प्रयत्न पुष्कळ आहेत. रुकेरोल व दनेरूझ या फ्रेंच जोडीनें १८६० नंतरच्या दशकांत श्वास घेतला तेवढीच हवा सोडणारी झडप बनविली. इंग्लंडांत फ्ल्यूसनें १८७८ च्या सुमारास प्राणवायूचें, सोडलेला श्वास पुन्हा शुद्ध करून देणारें उपकरण काढलें. फ्रान्समध्यें ल प्रियर यानें दाबून भरलेल्या हवेचें नळकांडें पाठीवर घेतलें. अखेर १९४३ सालीं, जर्मनांच्या ताब्यांतील फ्रान्समध्यें, जाक कूस्तो हा आरमारी अधिकारी व एमिल गान्यां हा यंत्रज्ञ यांनीं खरी सोयीची झडप बनविली. ती मुळांत मोटारीची होती. पेट्रोल जर्मनांनीं हिरावल्यामुळें मोटारी गॅसवर चालवाव्या लागत, आणि त्या गॅसच्या पुरवठ्यासाठीं गान्यांनें ती केली होती. त्याच युद्धांत आपल्याकडेहि कोळशाच्या गॅसवर चालणाऱ्या मोटारी रस्त्यांनीं खोकत जात. त्या पिढीच्या आठवणींत त्या राहिल्याच होत्या.

कूस्तोच्या आधींच मात्र एक व्हिएन्नाचा तरुण मुशींच्या घरीं जाऊन आला होता. हान्स हास याचा जन्म १९१९ चा. वयाच्या अठराव्या वर्षीं फ्रान्सच्या किनाऱ्यावर तो गाय गिल्पॅट्रिक या अमेरिकन लेखकाकडून पाण्याखालीं भाल्यानें मासे मारण्यास शिकला. १९३९ मध्यें तो कॅरिबियन समुद्रांतील कुरासाव व बोनेर या बेटांवर गेला, तेव्हां त्याच्यापाशीं हवेचें यंत्र नव्हतें. एका श्वासावर बुडी मारून तो छायाचित्रें घेई. एकदां मुशी अंगावर येत असतां त्यानें पाण्यांतच मोठ्यानें आरोळी ठोकली, आणि मुशी पळाली. पुढें हीच युक्ति त्यानें पुनःपुन्हा वापरली. इतरांस तिचा गुण सर्वत्र आला नाहीं. तरी मुशीस भय वाटूं शकतें ही कल्पनाच त्या काळीं नवी होती.

१९४९ च्या अखेरीस हास पोर्ट सुदानला आला. बंदराबाहेर विंगेट खडकापाशीं ‘उम्ब्रिया’ नांवाची इटालियन बोट बुडालेली होती. १९४० च्या जूनमध्यें इटलीनें युद्ध पुकारल्याची बातमी कप्तानानें रेडिओवर ऐकली आणि इंग्रज पहारेकरी बोटीवर असतांनाच त्यानें ती हातोहात बुडविली. पोटांत हजारों टन बाँब तसेच राहिले. हास त्या बोटींत शिरला, आणि बाहेरच्या खडकांवर मुशींमध्येंहि गेला. त्याचें यंत्र प्राणवायूचें, बुडबुडे न सोडणारें, म्हणून मासे बुजत नसत. परंतु शुद्ध प्राणवायु थोड्याच खोलीवर विषासमान होतो. कूस्तोस अशाच यंत्रानें दोनदां आंकडी येऊन तो मरतां मरतां वांचला होता. पुढील वर्षीं हास पुन्हा आला तो मंडळी घेऊन. त्यांत त्याची सेक्रेटरी लोटे हीहि होती. बायकांस अशा मोहिमेवर नेण्यास हासची मुळींच इच्छा नव्हती. चित्रपटवाल्यांस पडद्यावर एक स्त्री हवी होती म्हणून तिची वर्णी लागली. पण एकदां पाण्यांत उतरल्यावर ती कोणासहि मागें राहिली नाहीं, आणि त्याच वर्षीं त्या दोघांचा विवाह झाला. १९५१ सालीं या मोहिमेच्या चित्रपटास व्हेनिस येथें बक्षीस मिळालें. मुशींबरोबर माणसें सहज पोहत आहेत हें दृश्य युरोपांतील प्रेक्षकांनीं डोळे विस्फारून पाहिलें.

कूस्तोचा अनुभव निराळा होता. १९४८ सालीं केप व्हर्ड बेटांनजीक भर समुद्रांत तो व त्याचा साथी द्युमा यांस एका मुशीनें घेरलें, मागाहून आणखी दोन आल्या, आणि आपली नौका दिसेनाशी झाली. कॅमेऱ्यानें मुशीच्या नाकावर प्रहार करीत त्यांनीं कशीबशी वेळ मारून नेली. या प्रसंगाची धास्ती त्याच्या मनांत राहिली असावी. त्याचा ‘ल मोंद द्यु सिलांस’ हा चित्रपट १९५६ सालीं कान येथें सर्वोच्च पारितोषिकास पात्र ठरला, अमेरिकेंतहि त्याचा गौरव झाला. त्यांत असा एक भाग आहे कीं, नौकेच्या पंख्याखालीं एक देवमाशाचें पिल्लूं सांपडून घायाळ होतें, त्याचें रक्त हुंगीत मुशी येतात, आणि नौकेवरचे खलाशी त्या मुशी गळांनीं वर ओढून कुऱ्हाडींनीं व हातांस लागेल त्या हत्यारांनीं ठेंचून मारतात. दुसऱ्या एका ठिकाणीं खडकावरील माशांची गणति करण्यासाठीं सुरुंग लावून सर्वच्या सर्व मासे मारलेले दाखविले आहेत. जखम नौकेनें केली आणि शासन मुशींस झालें! त्या वेळच्या प्रेक्षकांनीं टाळ्या वाजविल्या; परीक्षकांसहि कांहीं खटकलें नाहीं. कूस्तोनें पुढें आयुष्यभर समुद्ररक्षणाचा पुरस्कार केला हें खरें, आणि तें त्याच्या जमेस धरलेंच पाहिजे. परंतु ज्यांनीं या सृष्टीचें दार उघडलें त्यांचे हात दार उघडतांनाच रक्तानें माखलेले होते, हें लिहून ठेवण्यांत त्यांचा अपमान आहे असें आम्हांस वाटत नाहीं.

सात वर्षांनीं, १९६३ च्या उन्हाळ्यांत, हाच कूस्तो शाब रूमीवर आला. माणसानें समुद्राच्या तळाशीं वस्ती करावी ही त्याची महत्त्वाकांक्षा, आणि खर्चाचा कांहीं भार फ्रान्समधील तेलाच्या धंद्यानें उचललेला. समुद्राखालचें तेल काढण्यास उद्यां तेथें राहणारीं माणसें लागतील असा त्यांचा हिशेब होता. सरोवराच्या तोंडानजीक सुमारें दहा मीटर खोलीवर ताऱ्याच्या आकाराचें पोलादी घर उभारण्यांत आलें. त्यांत पांच माणसें महिनाभर राहिलीं. सोबतीस एक पोपट होता. हवा बिघडली तर आधीं त्यास कळेल, ही दृष्टि. जवळच बशीच्या आकाराच्या छोट्या पाणबुडीसाठीं घुमटाकार कोठार. आणखी खालीं, सत्तावीस मीटरांवर, एका अरुंद कोठडींत दोन माणसांनीं एक आठवडा काढला. तेथें श्वासास हेलियम मिसळलेली हवा दिलेली असल्यामुळें त्यांचे आवाज चिरके होत, आणि उकाडा व दमटपणा असा कीं अंगावरील घाम वाळत नसे. मुशींच्या भयानें पिंजरे ठेवलेले होते. त्या पिंजऱ्यांचे गंजके सांगाडे पुढें पाणबुड्यांस तेथें दिसत.

या प्रयोगाचें फळ काय? त्याच्या चित्रपटास १९६४ च्या उत्कृष्ट माहितीपटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें. पाण्याखालीं गांवें मात्र वसलीं नाहींत. तेलवाल्यांनीं यंत्रें पाठविणें स्वस्त आहे हें ओळखलें.

मुशीविषयींचें खरें ज्ञान याच सुमारास गाजावाजा न करतां वाढत होतें. जपानी आईची मुलगी यूजिनी क्लार्क ही अमेरिकन विदुषी १९५१ सालीं ईजिप्तच्या किनाऱ्यावरील घर्दका येथें तांबड्या समुद्रांतील मासे अभ्यासीत होती. पुढें फ्लॉरिडांत तिनें मुशींस विशिष्ट फळी नाकानें दाबली कीं घंटा वाजून खाद्य मिळतें असें शिकविलें. हिंवाळ्यांत कांहीं आठवडे खंड पडल्यावरहि त्या धडा विसरल्या नाहींत. मुशी निर्बुद्ध असते या समजुतीस यानें चांगलाच धक्का बसला. १९७३ सालीं जॉन्सन व नेल्सन या दोघांनीं मार्शल बेटांपैकीं एनिवेटक येथील करड्या मुशींविषयीं लिहिलेला लेख तर प्रत्येक पाणबुड्यानें वाचण्यासारखा आहे. या मुशीस कोंडींत पकडलें, वा तिचा पाठलाग केला, तर ती पाठ कुबडासारखी उंचावते, नाक वर व छातीचे पर खालीं करते, आणि अंग अतिशय वळवीत सावकाश पोहते. हा इशारा असतो. कुत्र्याचें गुरगुरणें आपणांस कळतें म्हणून आपण चार पावलें मागें सरतों; मुशीचें कळत नव्हतें, म्हणून माणसें इशाऱ्याकडे दुर्लक्ष करून पुढें जात, चावा खात, आणि मुशी कपटी असते असें लिहीत.

दुर्दैव असें कीं, १९७५ सालीं ‘जॉज’ हा चित्रपट निघाला आणि शास्त्रज्ञांच्या लेखांपेक्षां तो कितीतरी पट अधिक लोकांनीं पाहिला. त्याहून मोठें संकट चीन देशांतील मेजवान्यांचें. मुशीच्या परांचा रस्सा तेथें प्रतिष्ठेचा, आणि लोकांच्या हातीं पैसा आला तशी त्याची मागणी वाढली. करडी मुशी वर्षभर गर्भ वाहते आणि एका वेळीं एकापासून सहापर्यंतच पिलें देते. अशा प्राण्याची शेती बांगड्यासारखी होत नाहीं. २०२० सालीं अठ्ठावन देशांतील तीनशें एकाहत्तर प्रवाळखडकांची पाहणी प्रसिद्ध झाली. जवळ जवळ पांचव्या हिश्शाच्या खडकांवर एकहि मुशी दिसली नाहीं. त्याच वर्षीं करडी मुशी संकटांत असलेल्या प्राण्यांच्या यादींत गेली. आपल्या देशानें २००१ सालीं मुशी व पाकट यांच्या कांहीं जातींस कायद्याचें पूर्ण संरक्षण दिलें आणि २०१५ सालीं परांची निर्यात बंद केली. बाकी जातींची मासेमारी चालूच आहे, आणि कोळ्याच्या पोटाचा प्रश्न सोडवल्यावांचून ती नुसत्या कायद्यानें थांबेल असें आम्हांस वाटत नाहीं.

या हिशेबांत सुदानचे खडक बरेचसे वांचले, तें तिकडील गरिबी व अडचणी यांमुळें. ईजिप्तच्या किनाऱ्यावर हॉटेलें उठलीं तशीं येथें उठलीं नाहींत. वर्षांतून थोड्याच नौका पाणबुड्या प्रवाशांस घेऊन येत. शाब रूमीच्या दक्षिणेचा सांगानेब खडक १९९० सालीं राष्ट्रीय उद्यान ठरला व २०१६ सालीं जागतिक वारशाच्या यादींत आला. २०२३ च्या एप्रिलांत सुदानांत यादवी युद्ध पेटलें आणि प्रवाशांच्या त्या नौका बंद पडल्या.

कूस्तोचें ताऱ्याच्या आकाराचें घर मागेंच काढून नेण्यांत आलें. पाणबुडीचें घुमटाकार कोठार मात्र जागच्या जागीं सोडून दिलें होतें. त्याच्या पत्र्यावर पोवळीं व स्पंज वाढले, खिडक्यांतून लहान मासे ये-जा करूं लागले. घुमटाच्या माथ्याशीं हवेचा एक थर अडकून राहिलेला असे, आणि युद्धापूर्वीं येणारे पाणबुडे त्यांत डोकें वर काढून पाहत. नौकेवरचे वाटाडे त्यांस आधींच बजावीत कीं, तेथें तोंडांतील नळी काढूं नका. ती हवा आधीं येऊन गेलेल्यांच्या उच्छ्वासाची आहे.